निकेलवरचा अंगठा

वीज येईपर्यंत ऐका. आणि केदार, तो मोबाईल पालथा ठेव, त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय.

वर तुमची अभ्यासाची खोली आहे ना, तिथे प्रियदर्शनी भाड्याने राहायची. यवतमाळची पोरगी. वाघोलीच्या एका कॉलेजात पीएचडी करायची. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण तिचं काम मला तोंडपाठ आहे, कारण रोज जेवताना तेच रडगाणं. निकेलच्या हिरव्या पाण्यात कार्बनच्या नळ्या घालायच्या. नळ्या कसल्या, डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत, नुसती काजळी. त्यात पत्रा टांगून वीज सोडायची, की निकेल त्या नळ्यांना घेऊन पत्र्यावर चढतं. असा थर लवकर झिजत नाही म्हणे.

म्हणेच. तिचा थर धड बसेल तेव्हा ना. आधी नळ्यांचे गोळे व्हायचे, तळाशी जाऊन बसायचे. वर्ष घालवून ते निस्तरलं, तर दुसरंच सुरू झालं. प्रत्येक पत्र्यावर एक जागा उघडी राहायची. अंगठ्याएवढी.

"धुतलेल्या पत्र्याला बोट लागलं तर तिथे थर धरत नाही," ती चिडून सांगायची. "पण मी हातमोजे घालते. खोलीत दुसरं कुणी नसतं. मग माझ्या पत्र्याला हात लावतं कोण, आजी?"

एकदा तिने पत्रा आणून दाखवला. मी जन्मभर सहीच्या जागी अंगठाच उठवत आले, मला अंगठा कळतो. पुरुषाचा होता. मधून तिरकी चीर, जुन्या जखमेची. तिने आपला अंगठा शेजारी धरला. बोटावर ओरखडासुद्धा नव्हता.

तिचे सर अस्सल पुण्याचे. म्हणाले, "काजळी धरायला चूल पुरते, त्यासाठी पीएचडी करावी लागत नाही. सोमवारी कमिटीपुढे एक तरी धड पत्रा ठेवा. नाहीतर विषय बंद, आपण यवतमाळला जायला मोकळ्या." यवतमाळला तिच्या वडिलांनी स्थळ ठरवून ठेवलेलं. एकदा गेली की परत येणं नव्हतं.

आता मधली एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका. वीज सोडायचा तो डबा, रेक्टिफायर म्हणतात त्याला, कॉलेजने एका बंद पडलेल्या कारखान्यातून भंगारात घेतला होता. त्याच्या माथ्यावर कुंकवाचा अंगठा, वर्षानुवर्षं एकावर एक उठवलेला. हिने पहिल्याच दिवशी तो खरवडून स्पिरिटने पुसला. लॅबचा शिपाई संपत त्याच कारखान्यातला. तो म्हणाला होता, "ताई, ऱ्हाऊ द्या. धोंडिबाचा हाय, कारखान्यात ही मशीन त्योच चालवायचा. दर खंडेनवमीला लावायचा. या मशिनीपाशीच गेला त्यो."

"संपतकाका, त्याची पूड पाण्यात पडते," एवढं म्हणून ही कामाला लागली.

२००७ सालची खंडेनवमी. शनिवार होता. सकाळी संपतने लॅबमधली सगळी यंत्रं पुजली. हिच्या डब्याला मात्र हिने हात लावू दिला नाही. संध्याकाळी स्कूटी काढायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "आज हत्यारं विसावलेली असतात. दसरा होऊ दे."

"हत्यार नाही हो आजी, डबा आहे तो. आणि सोमवार माझ्यासाठी थांबणार आहे का?"

गेली. पुढचं तिने मला सकाळी इथे बसून सांगितलं. पुढ्यातला चहा गार झाला, तिने कपाला हात लावला नाही.

लॅबमध्ये सगळीकडे झेंडू. हिच्या टेबलावर तेवढा नाही. तिने पत्रा धुतला, मोजे घातले, पत्रा टांगला. बटण दाबलं. काटा चढला, ढवळणी फिरायला लागली.

आणि वीज गेली.

वाघोलीत तेव्हा रोजच जायची. ती इतकी वैतागली होती की घाबरायचंही सुचलं नाही. बॅटरी लावली. पंखा थांबलेला. ढवळणी थांबलेली.

डबा घुमत होता.

तिने प्लग उपटला. प्लग हातात... आणि डबा घुमतोय. काटा चढतोय.

पाणी काळं. हलत नव्हतं.

मग त्यावर एक खळगा पडला. अंगठ्याएवढा. वरून कुणी दाबावं तसा. तो खळगा... पत्र्याकडे सरकायला लागला. सावकाश.

ती ओरडली नाही. रडली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "धोंडिबाकाका, तुमचं कुंकू पुसलं, चुकलं माझं. पण एक... एक तरी धड पत्रा होऊ द्या."

घरघर थांबली.

बॅटरी विझली.

तिच्या उजव्या अंगठ्याला काहीतरी टेकलं. गार. ओलं.

मोज्याच्या आतून.

...

पत्रा चांगला निघाला. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा, कुठे उघडी जागा नाही. सरांनी भिंग लावून पाहिला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "बरा आहे." ते याहून जास्त कुणाला कधी म्हणाले नव्हते. विषय वाचला. यवतमाळचं स्थळ मोडलं.

हसू नकोस, केदार. "भुताने पीएचडी करून दिली" म्हणे. संपलेली नाही गोष्ट.

पुढच्या खंडेनवमीला तिने आधी डब्याची पूजा केली, मग घरी येऊन म्हणाली, आजी, तुमच्या शिलाई मशीनलाही मीच कुंकू लावते. अंगठा कुंकवात बुडवला, मशीनवर टेकवला, उचलला. आणि तशीच उभी राहिली.

मी समई उचलून जवळ नेली. कुंकवात तिरकी चीर उठली होती.

तिचा हात धुवून उजेडात धरला. अंगठा उलटसुलट करून पाहिला. स्वच्छ. कुठे ओरखडासुद्धा नाही.

मशीन त्या कोपऱ्यात आहे, झाकणाखाली. ते कुंकू मी पुसलेलं नाही. झाकण आत्ता उचलू नका.

वीज येऊ दे.