खिंडीपलीकडचा लाल कोट

नवऱ्याला डोंगरातून खाली आणायचं, एवढ्यासाठीच ती निघाली होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो एकटाच गेला आणि परतला नाही. सोबत होता धाकटा दीर. वाटेसाठी त्यांच्याकडे नवऱ्याच्याच लाडक्या जुन्या नकाशाची प्रत होती. नव्या नकाशांत नसलेली एक खिंड त्यात दाखवली होती.

"नवे नकाशे खुर्चीत बसून काढतात," नवरा म्हणायचा. "हा पायांनी काढलाय!"

नकाशातल्या पुलाचे नुसते दगडी खांब उरले होते. दोघं कमरेएवढ्या थंडगार पाण्यातून पार झाली. पुढे कुरणाच्या जागी दरड कोसळलेली. तिच्या सुट्या धोंड्यांवरून रांगत, धापा टाकत दोघं माथ्यावर पोचली.

खिंड खरंच होती!

पण पलीकडे नकाशातलं सलग, सपाट बर्फ नव्हतं. ते वितळून, फाटून भेगाच भेगा झाल्या होत्या. आणि एका रुंद भेगेपलीकडच्या कपारीत लाल कोट दिसत होता.

"दादा!" दीर ओरडला.

तिची नजर आधी भेगांवर गेली. 'एवढं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं,' तिच्या मनात आलं, 'तरी गेलास?'

भेगेवर बर्फाचा अरुंद पूल होता. दोघांच्या कमरेला एकच दोर बांधून दीर पुढे सरकला. एक पाऊल. दुसरं. कडाड्! पूल कोसळला! ती आडवी झाली, हातातली गिर्यारोहणाची कुऱ्हाड बर्फात रोवली. दोराला हिसका बसला. ती भेगेकडे फरफटली... आणि कुऱ्हाड रुतली!

"वहिनी, सोडू नका!"

"बोलू नकोस, चढ!"

तो वर आला तेव्हा तिचे हातमोजे फाटून तळवे सोलवटले होते.

"अजून एकदा," तो रडत म्हणाला. "दुसरीकडून जाऊ."

"नाही."

"दादा आहे तो!"

"होता. दोर गुंडाळ."

लंगडत, उपाशी, दोघं घरी पोचली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी धाकट्याला मिठीत घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग सगळं ऐकून सुनेकडे वळल्या.

"म्हणजे त्याला तिथेच टाकून आलीस?"

दीर काही बोलेल म्हणून ती थांबली. तो जमिनीकडे पाहत राहिला.

"हो," ती म्हणाली. "एकालाच आणता येत होतं. जिवंत होता तो आणला."

आणि पायातले बूट न काढताच ती त्या दारातून माघारी वळली.