पाठमोरा

"ओ पट्टीवाले, बाजूला व्हा. माझ्या उजेडात उभे आहात."

तो वळलासुद्धा नाही. तळ्यात मोजपट्टी धरून म्हणाला, "उजेड तुमच्या नावावर आहे का?"

ही आमची पहिली भेट. ढग फाटून दरीत ऊन उतरतं, ते पापणी लवेपर्यंत. ते चित्रात पकडायला मी ईझल मांडून तास तास थंडीत कुडकुडायचं, आणि हा पाणीखात्याचा माणूस ऐन मोक्याला मधोमध. चिडून त्यालाही रंगवून टाकलं… पाठमोरा, बोटाच्या पेराएवढा.

घरी येऊन त्याला खरवडून काढलं आणि चित्र मेलं. डोंगर वारुळाएवढे झाले. दरी उथळ, ऊन नुसतं पिवळं. तेवढ्याशा माणसामुळे सगळं अफाट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून गेले. "उभे राहा ना… कालच्यासारखे."

"काल हाकलत होतात."

"काल अक्कल नव्हती."

"वळू का?"

"खबरदार. पाठच हवी."

मग रोज तेच. तो तळ्याकडे तोंड करून बोलायचा, मी रंगवायची. चेहऱ्यावर बनाव करता येतो, मानेवर नाही. मी गप्प झाले की त्याचे कान लाल व्हायचे — वाऱ्याने म्हणे.

आईने विचारलं, "दिसायला कसा आहे?"

"पाठमोरा बरा आहे."

दादा हसून लोळला.

एका दुपारी तो म्हणाला, "सोमवारी बदली. दुसऱ्या तळ्यावर."

नेमकं तेव्हाच ऊन उतरलं. कधीपासून हवं होतं तस्सं. ब्रश रंगाने भरलेला… झुरत बसणाऱ्या नायिकांचा मला मनस्वी संताप आहे. ब्रश टाकला, चिखल तुडवत पाण्यात शिरले आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"ऊन जातंय," तो म्हणाला.

"जाऊ दे. ते उद्या परत येईल, तुम्ही नाही. मला तुम्ही आवडता. तुमचं काय ते आत्ता सांगा."

तो पट्टीकडे बघत राहिला. "पातळी वाचायला मिनिटभर लागतं."

"मग?"

"मग रोज सूर्य मावळेपर्यंत मी इथे काय करत होतो…"

त्या उन्हात त्याचा चेहरा उजळला होता. त्या क्षणी हातात ब्रश नव्हता, आणि नव्हता तेच बरं.

"रविवारी घरी या," मी म्हटलं. "आईशी तुम्ही बोला, दादाला मी बघते. आणि सोमवारच्या गाडीत माझ्या ईझलला जागा ठेवा."