फक्त दोघांनी ठेवलेली खूण

इंटरनेटवरच्या त्या पानावर जगात फक्त दोघांनी खूण ठेवली होती. एक मोल्दीरने आणि दुसरी कुणा 'टेके'ने.

पान तसं साधंच होतं. एका निवृत्त वनरक्षकाने डोंगरातल्या रानटी सफरचंदांबद्दल चार परिच्छेद लिहिले होते आणि खाली तीन फोटो टाकले होते. मोल्दीर अल्माटीच्या सफरचंद-प्रयोगशाळेत काम करायची. अशी पानं शोधून, आवडलेल्या पानांच्या खुणा जपणाऱ्या एका साइटवर साठवायची, प्रत्येकाला नीट टॅग लावायचे आणि महिन्याने परत येऊन बघायचं, हा तिचा छंद. कुणी टपाल तिकिटं जमवतं, ती पत्ते जमवायची. आपल्याआधी ते पान कुणी साठवलंय, हेही साइट दाखवत असे. बहुतेक पानांवर हजारो लोक असत, या पानावर एकटा टेके. टेके म्हणजे डोंगरातला बोकड.

बोकडाने खुणेखाली एक ओळ लिहिली होती : 'दुसरा फोटो उलटा छापलाय. शिखर डावीकडे हवं.'

मोल्दीर उठून खिडकीशी गेली. दक्षिणेला डोंगर स्वच्छ दिसत होते. शिखर डावीकडे होतं.

"काय झालं गं?" समोरच्या टेबलावरून दिल्नाझने विचारलं.

"काही नाही. एक माणूस बरोबर आहे."

"मग एवढं दचकायला काय झालं?" दिल्नाझ हसली.

त्या संध्याकाळी मोल्दीरने टेकेच्या सगळ्या खुणा चाळल्या. बर्फाच्या स्फटिकांचे फोटो, जुने रेडिओ, पावाच्या सतरा कृती, एका गावातल्या घंटेचा आवाज. टॅग मात्र गबाळे. 'हिम', 'बर्फ', 'बर्फ-२' असे वेगवेगळे! तिचे हात शिवशिवले. तिने त्याला आपल्या यादीत घेतलं, आणि सकाळी बघते तर त्यानेही तिला घेतलेलं. तिचं तिथलं नाव 'आंबट अल्मा', म्हणजे आंबट सफरचंद.

ही सप्टेंबर २००७ मधली गोष्ट. पुढच्याच गुरुवारी एक उंच, उन्हाने रापलेला तरुण प्रयोगशाळेत आला. हिमस्खलन-विभागातून आला होता. झाडं कोणत्या वर्षी कधी फुलली, त्याच्या जुन्या वह्या त्याला बर्फाच्या नोंदींशी ताडून बघायच्या होत्या. प्रमुख क्लारा-अपायनी (अपाय म्हणजे तिकडे ताई) त्याला कोपऱ्यातल्या संगणकावर बसवलं. मोल्दीर वह्या घेऊन गेली, तर पडद्यावर तीच साइट उघडी.

"हिम, बर्फ आणि बर्फ-२ यांत फरक काय असतो हो?" तिने विचारलं.

तो गर्रकन वळला. आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या वह्यांकडे. मग हळूच म्हणाला, "आंबट अल्मा?"

"मोल्दीर."

"दौरेन. हिम म्हणजे पडतं ते. बर्फ म्हणजे पडून राहिलेलं. आणि बर्फ-२..." त्याने कान खाजवला. "पहिल्याचं स्पेलिंग चुकलं होतं."

ती हसली. खूप दिवसांनी इतकं मोकळं हसली.

मग गुरुवार येत राहिले. तो वह्या उतरवून घ्यायचा, ती दुधाळ चहा करायची, दिल्नाझ घरून बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले फुगीर गोळे, आणायची. उरलेले दिवस त्या साइटवर जायचे. सकाळी आठला त्याची खूण पडली की आठ-पाचला तिची पडे. तिने कोळ्याच्या जाळ्याचं पान साठवलं, तर खाली त्याची ओळ यायची : 'सातवा धागा तुटलाय, बघितलात?' तिने बघितलेला असायचाच. इतक्या बारीकसारीक गोष्टी बघणारं दुसरं कुणी तिला आजवर भेटलं नव्हतं.

आणि म्हणूनच तो आकडा तिच्या नजरेतून सुटला नाही.

त्याच्या पानावर वर लिहिलेलं होतं – एकूण खुणा २९८. खाली यादीत तिने मोजल्या, २७२ भरल्या. सव्वीस कमी. तिने पुन्हा मोजलं. सव्वीसच. मग साइटच्या मदतीचं पान उघडलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं : एखादी खूण एकाच व्यक्तीला पाठवली, तर ती उघड्या यादीत येत नाही, फक्त त्या दोघांनाच दिसते.

दोघांनाच.

मोल्दीरने आपली इमेल उघडून बघितली. काही नव्हतं. कचऱ्याची पेटीही उपसली. तिथे जाहिराती होत्या, टेके नव्हता. म्हणजे त्या सव्वीस तिच्या नव्हत्या. वजाबाकी सरळ होती, तरी तिने ती पुन्हा एकदा करून बघितली.

पुढच्या गुरुवारी चहा ओतता ओतता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही सगळ्या खुणा उघड्याच ठेवता का हो?"

दौरेनचे कान लाल झाले. "सगळ्या नाही... काही एकाच व्यक्तीसाठी असतात."

"अस्सं. आणि ती व्यक्ती काय म्हणते?"

"अजून काही म्हणाली नाही." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "मी घाई करत नाहीये. तिला माहीत आहे, एवढं पुरे."

"नशीबवान आहे."

"खरंच असं वाटतं तुम्हाला?" त्याने एकदम वर बघितलं. डोळ्यांत काय चमकलं होतं!

तेवढ्यात पलीकडे दिल्नाझ पडद्याकडे बघून खुदकन हसली आणि घाईघाईने पडद्यावरची खिडकी बंद केली. "झानीम, अजून एक बाउरसाक घे ना," ती दौरेनला म्हणाली.

झानीम! म्हणजे 'जिवलगा'! मोल्दीरच्या हातातला चहा बशीत सांडला.

दिल्नाझ सगळ्यांनाच झानीम म्हणायची, बसच्या वाहकालाही. मोल्दीरला हे तीन वर्षं माहीत होतं. पण त्या दिवसापासून तिला दिल्नाझचं सगळंच खुपायला लागलं. तिचा निळा रुमाल, गुरुवारी लावलेली लिपस्टिक, फोन आला की दाराआड जाऊन बोलणं. त्यात आकड्यांतला फरक वाढतच होता. सव्विसाचे एकोणतीस झाले, मग तेहतीस. रोज सकाळी मोल्दीर आधी आकडा बघायची, मग दिल्नाझचा चेहरा. आकडा वाढला की दिल्नाझ खूश दिसायची... की मोल्दीरलाच तसं दिसायचं? तिने चक्क तक्ता केला. एका रकान्यात फरक, दुसऱ्यात 'दि. किती वेळा हसली'. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटून तो फाडला. फाडण्याआधी मात्र आलेख काढून बघितला होता.

अडतीसवर तिने टेकेचं नाव आपल्या यादीतून काढून टाकलं. 'नक्की काढायचं?' असं साइटने विचारलं. तिने 'हो' इतक्या जोरात दाबलं की माउस टेबलावरून घसरला.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी दौरेन कोट न काढताच तिच्या टेबलाशी आला.

"तुमच्या यादीतून माझं नाव गेलंय."

"जागा कमी पडली."

"त्या साइटवर जागेला मर्यादा नाही."

"मला आहे."

तो थोडा वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला. "माझं काही चुकलं का? पाठवायला नको होतं?"

"मला काय विचारता? ज्यांना पाठवता त्यांना विचारा."

"तेच तर..." त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. "मी शनिवारी वरच्या ठाण्यावर जातोय. एप्रिलपर्यंत. तिथे इंटरनेट नाही. नुसता वायरलेस आहे, तोही कामापुरता."

एप्रिलपर्यंत... पाच महिने. तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"दिल्नाझला सांगितलंत?"

"दिल्नाझला?" तो गोंधळला. "सांगितलं. का?"

"काही नाही. वर जपून राहा."

दौरेनने टोपी घातली, क्लारा-अपायना मान झुकवून नमस्कार केला आणि निघून गेला. चहा तसाच निवला.

शनिवारी अर्धा दिवस काम असे. बिया धुऊन चाळणीवर पसरायच्या होत्या. मोल्दीर इतक्या जोरात पाणी ओतत होती की बिया चाळणीबाहेर उडत होत्या.

"सावकाश गं, झानीम," दिल्नाझ म्हणाली.

"मला झानीम म्हणू नकोस! तुझा झानीम आज चाललाय ना वर? मग इथे काय करतेस? जा, पोचवून ये!"

दिल्नाझने हात पुसले. "माझा कोण झानीम?"

"दौरेन! तुला रोज खुणा पाठवतो तो! अडतीस पाठवल्या, आता आणखी झाल्या असतील. मी मोजल्यात!"

"मला?" दिल्नाझ आधी हसली, मग मोल्दीरचे डोळे बघून थांबली. "अगं वेडे, मी त्या साइटवर नाहीच. मला माझ्या इमेलचा पासवर्ड लक्षात राहत नाही, तिथे कुठे जाऊ? आणि माझं ठरलंय जार्केंतच्या मुलाशी. वसंतात लग्न आहे. तो फोटो पाठवतो, ते बघून मी हसते. कामाच्या वेळात फोटो बघते हे कळलं तर अपाय चिडतील, म्हणून तुला बोलले नव्हते."

मोल्दीर खुर्चीत बसली. "मग कुणाला पाठवतो?"

"मला काय ठाऊक? दाखव तरी ही तुझी साइट." दिल्नाझ तिच्या खांद्यावरून वाकली. पडद्यावर बोट फिरवत एकेक शब्द वाचू लागली. "माझ्या खुणा... माझे टॅग... माझी यादी... आणि हे काय, 'तुमच्यासाठी'?"

"ती जाहिरात असते."

"बघितलीस कधी उघडून?"

"इंटरनेटवर जे जे 'तुमच्यासाठी' असतं, ते विकायलाच असतं. मी कशाला..."

दिल्नाझने तोवर दाबलं होतं.

पान सावकाश उतरलं, वरून खाली, एकेक ओळ. *टेके यांनी तुम्हाला ४१ खुणा पाठवल्या आहेत. न वाचलेल्या : ४१.*

मोल्दीरने एकेक उघडायला घेतली.

पहिली सप्टेंबरातली. सफरचंदाच्या चकत्या वाळवायची कृती, खाली ओळ : 'तुमच्या खिडकीतल्या चकत्यांवर माशा बसतात. जाळी लावा.' सातवी एका चहाच्या दुकानाची : 'मी रविवारी इथे असतो. एकटाच.' आठवी, तेच दुकान : 'या रविवारीही होतो.' सत्ताविसावी : 'आज तुम्ही विचारलंत, म्हणजे वाचताय. मला रात्रभर झोप येणार नाही.' एकोणचाळिसावी : 'यादीतून काढलंत. बरं.' आणि एकेचाळिसावी कालची : 'मला जे म्हणायचंय ते या पानावर नीट लिहिलंय. ट्रक शनिवारी दोनला धरणाखालून सुटेल. नाही आलात, तर पुन्हा काही पाठवणार नाही.'

मोल्दीरने ते पान उघडलं.

*पान सापडले नाही.*

पुन्हा दाबलं. पान सापडले नाही. रोज शेकडो पानं अशी मरतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

"वाजले किती?"

"साडेबारा," दारातून क्लारा-अपाय म्हणाल्या. त्या केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. "बिया मी पसरते. तू जा. आणि मुली, टोपी घाल. वर बर्फ पडतोय."

मेदेऊच्या धरणाकडे जाणारी बस तिला कधी नव्हे इतकी रेंगाळत गेल्यासारखी वाटली. धरणाखाली ट्रक उभा होता. पिठाची पोती, रॉकेलचे डबे आणि वर ताडपत्री. दौरेन दोरीची गाठ आवळत होता. टोपीवर, भुवयांवर, सगळीकडे बारीक भुकटीसारखा बर्फ.

"दौरेन!"

त्याच्या हातातली दोरी सुटली.

"ए, पोती घसरतील!" गाडीतून म्हातारा चालक तोक्तार-आगा ओरडला.

"मी आज उघडल्या," मोल्दीर धापा टाकत म्हणाली. "सगळ्या... आजच. मला वाटायचं, ती जाहिरात आहे. मला वाटायचं, तुम्ही दिल्नाझला पाठवता. मी तिच्यावर इतकी जळले की..."

"दिल्नाझवर?"

"मोजू नका, फार दिवस जळले. आणि शेवटचं पान मेलंय. सापडत नाही म्हणतं. त्यात काय होतं?"

"एका रेडिओवाल्याने ठाण्यावरून बायकोला लिहिलेलं पत्र होतं. फार सुंदर लिहिलेलं. मला तसं येत नाही."

"ते त्याचं झालं. तुमचं काय?"

"इथे? आत्ता?" त्याने ट्रककडे बघितलं. तोक्तार-आगाने काच खाली केली होती आणि बिनधास्त ऐकत होता.

"आत्ताच. मी पाच महिने थांबू शकते, पण काय ऐकून थांबायचं ते तर कळू दे."

त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. "मला... गुरुवार आवडतात," तो म्हणाला. "पूर्वी गुरुवार म्हणजे बुधवारनंतरचा दिवस होता. आता उरलेले सहा दिवस गुरुवारच्या अलीकडचे आणि पलीकडचे आहेत. आणि... मोल्दीर, तू मला आवडतेस. फार आवडतेस. एवढंच येतं मला."

तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला होता.

"नीट ऐकू आलं नाही. वारा होता."

"वारा नाहीये," गाडीतून तोक्तार-आगा म्हणाला. "पण सांग रे पुन्हा, तिला ऐकायचंय."

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी तिचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेऊन, आणि इतक्या जवळून की वाऱ्याची सबब चाललीच नसती. तिने मान हलवली... आणि मग त्याच्या कोटावर कपाळ टेकवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. कोटाला रॉकेलचा वास येत होता. तिला तो आवडला.

ट्रकचा भोंगा वाजला. दौरेन मागे चढला, ताडपत्रीखाली पोत्यांत जागा करून बसला.

"वर कोण कोण असतं?" ती खालून ओरडली.

"चौघं! मी, दोन निरीक्षक आणि स्वयंपाकाला एक बाई!"

"बाई? वय किती?"

"एकसष्ट!"

मोल्दीरने क्षणभर विचार केला. ट्रक हलला होता.

"चांगलं रांधते का?"

"फार छान!"

"मग तिला आजच सांगून टाक," ट्रकबरोबर धावत ती म्हणाली, "खाली शहरात तुझं कुणीतरी आहे म्हणून!"