बाहेर कसं पडायचं?

नवशिक्यांच्या मदतीला मी फुकट बसते हे ऐकून ऑफिसातले लोक कपाळाला हात लावतात. कुणालाही फुकट घेता येणारी, सगळ्यांसाठी खुली असलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ती शिकणाऱ्यांचा आमचा ऑनलाइन कट्टा आहे. तिथे रोज तेच प्रश्न येतात आणि मी रोज तीच उत्तरं देते. स्वभाव माझा खेकसण्याचा, पण लिहिताना मात्र साखरपेरणी करते.

त्या दुपारी मी हॉस्पिटलात धाकट्याच्या पलंगाशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. मोटारसायकल घसरल्यापासून माझा हा भाऊ शुद्धीवर नव्हता. तो जागा होईल का, असं विचारलं की डॉक्टर खिडकीकडे बघून बोलायचे. उशाशी यंत्र सारखं टूं टूं करत होतं. हातांना काम नसतं तर मला वेडच लागलं असतं.

कट्ट्यावर 'नवा गडी' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "अडकलोय. बाहेर कसं पडायचं?"

हशा पिकला. मजकूर लिहायचा एक जुनाट प्रोग्राम आहे. त्यात चुकून शिरलेल्या माणसाला बाहेर पडायचं बटणच सापडत नाही. प्रत्येक नवशिका एकदा तरी त्यात अडकतो आणि जुनी मंडळी हसून घेतात. मीही हसले. मग कट्ट्याच्या नियमाप्रमाणे मशीनची माहिती मागितली.

माहिती आली. मशीनचं नाव होतं 'फुटकं-डबडं'.

धाकट्याने अपघाताआधी ही सिस्टिम शिकायला घेतली होती. मला काही विचारायचा नाही. म्हणायचा, ताई, तू खेकसतेस, त्यापेक्षा मी कट्ट्यावर विचारीन. आपल्या मशीनला त्याने हेच नाव दिलं होतं. असेल दुसरा कुणी टवाळ, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तरीही आईला घरी फोन लावला. आई म्हणाली, अगं, त्याच्या लॅपटॉपची बॅग कपाटावर तशीच आहे, धूळ बसलीय तिच्यावर, आणि बॅटरी तूच नाही का काढून ठेवलीस?

मी लिहिलं, "समोर काय दिसतंय?"

"पांढरं. टूं टूं आवाज येतोय. शेजारी कुणीतरी सारखं पाय हलवतंय, त्याचा त्रास होतो."

मी पाय हलवायची थांबले.

धाकट्याकडे पाहिलं. बोटं चादरीवर पसरलेली, निश्चल. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आशाही वाटली. घाईघाईने नेहमीचं उत्तर लिहिलं. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, एंटर.

"सोडत नाही. आतलं जतन केलेलं नाही, म्हणतंय. काय करू?"

हेही रोजचंच. नवशिक्याने आत लिहून लिहून काय लिहिलेलं असणार, चार भलतीसलती अक्षरं. म्हणून आम्ही बेधडक सांगतो, शेवटी उद्गारचिन्ह लावा आणि सगळं टाकून निघा. जतन करून निघायचीही सोय आहे, एकच अक्षर जास्त लागतं. पण ते सांगत कोण बसतो?

"सगळं जाईल," त्याने लिहिलं. "चालेल?"

यंत्राचा आवाज भरभर व्हायला लागला. नर्स धावत आली.

"जाऊ दे सगळं," मी लिहिलं. "उद्गारचिन्ह लाव आणि बाहेर ये रे."



चादरीवरची बोटं हलली.

धाकट्याने डोळे उघडले.

मग नुसती धांदल. डॉक्टरांनी पुन्हापुन्हा तपासलं, त्यांचाही विश्वास बसत नव्हता. आई धावत आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, मग बाहेर जाऊन रडत रडत एकेका नातेवाइकाला फोन करत सुटली. आत आम्ही दोघंच उरलो. त्याला उंच उशीवर टेकवलं होतं. मी जवळ गेले तसे त्याने पाय आखडून घेतले आणि मला जागा करून दिली.

"बसा ना," तो म्हणाला.

मी बसले.

त्याने दाराकडे मान वळवली आणि आवाज हळू केला.

"बाहेर त्या बाई कधीच्या रडतायत हो. त्यांचं कुणी आजारी आहे का?"