गाठी नसलेली तूर

सलग तिसऱ्या हंगामात उदगीरच्या शिवारात एकही तुरीचं झाड मर रोगाने वाळलं नव्हतं. त्यामुळे कौसरआपा प्रयोगशाळेत आल्या तेव्हा डॉ. शर्वरी देवणीकरला वाटलं, पेढेच आणले असतील. परिसरातल्या चाळीस घरांसाठी गावरान तुरीचं बियाणं आपाच राखत.

आपांनी पिशवीतून मुळासकट उपटलेलं झाड काढून टेबलावर ठेवलं. "मर गेला, खरं हाय. पन ताई, मुळीवर एक तरी गाठ दावा मला."

शर्वरीने मुळं धुतली. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू झाडाला हवेतला नत्र मिळवून देतात. इथे मात्र मुळं साफ गुळगुळीत होती.

तिने एक बारीक मूळ सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पेशीचं आवरण हा वाहता, तेलकट पडदा. त्यात मेदाचे इवले तराफे फिरत असतात आणि आलेला जिवाणू शत्रू की मित्र, हे ओळखणारी प्रथिनं त्यांवर जमतात. शर्वरीने शोधलेला 'कवच' फवारा हे तराफे जागच्या जागी घट्ट धरून ठेवायचा, त्यामुळे मर रोगाच्या बुरशीला आत शिरता येत नसे. आता तिने मित्र-जिवाणूंचा थेंब सोडला. तराफे त्याच्याकडे धावायला हवे होते. पडद्यावरचा तराफ्याचा एकही ठिपका हलला नाही.

"काय झालं?" आपांनी विचारलं.

"पहारा इतका कडक झालाय, की घरचं माणूसही दारातच अडकलंय."

कवचच्या मुळांवरच्या चाचण्या कानडे सरांकडे होत्या. अकरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली शिकली होती. ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

"गाठी पहिल्याच वर्षी गेल्या होत्या," सर शांतपणे म्हणाले. "त्या नोंदींची पानं मी अहवालातून काढली. नाहीतर फवाऱ्याला मान्यता मिळाली नसती."

"सर, त्या अहवालावर माझी सही आहे!"

"म्हणूनच गप्प राहा. तराफे मोकळे करणारा दुसरा फवारा तयार होतोय. पुढे लोकांना दोन्ही फवारे विकत घ्यावेच लागतील. हा दोष बियाण्यातही उतरतो."

शर्वरीने आपल्या प्रत्येक यशात ज्या माणसाला आधी पेढा दिला, तो समोर बसून तिच्याच सहीआड लपत होता.

दुपारपर्यंत तिने गाळलेली पानं शोधून काढली आणि स्वतःच्या कबुलीसह मान्यता समितीला आणि बियाणं राखणाऱ्या सगळ्यांना पाठवली. मग ती आपांच्या घरी गेली. ओट्यावर बियाणं निवडत बसलेल्या आपांना तिने सगळं सांगितलं. न फवारलेल्या झाडाचा एक दाणाही आता त्यांच्याकडे उरला नव्हता.

"सरांनी मला फसवलं, आपा."

आपांचे हात थांबले.

"तुमच्या सरांना म्या वळखत बी न्हाई," त्या म्हणाल्या. "सासूनं सोपवलेलं बियाणं म्या तुमच्या शब्दावर फवारलं. मग मला कुनी फसवलं, ताई?"