सकाळी घरी येणारा

ज्याला हसायचं त्याने हसावं. हे माझ्याच घरात घडलंय आणि त्यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

गेल्या जनगणनेचा रविवार. मार्च महिना. वेल्सच्या डोंगरातलं आमचं शेत, हेन्दरे. मेंढ्या विण्याचे दिवस.

लोकांना भुतं मध्यरात्री भेटतात म्हणे. माझ्याकडे जे आलं, ते सकाळी आलं. चहाच्या वेळेला.

या घरात आम्ही दोघंच राहायचो. मी नेरिस आणि माझा भाऊ इदवल. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. इदवल त्याआधीच्या हिवाळ्याच्या तोंडावर गेला. तो फारसा बोलायचा नाही. पण घरात न बोलणारं माणूस असणं आणि घरात कुणीच नसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो गेल्यावर मी एक नवीन गोष्ट सुरू केली. दाराला आतून कडी लावायला लागले.

आमच्याकडे मेंढ्या विण्याच्या दिवसांत कडी लावत नाहीत. वडिलांचा तसा दंडक होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण एकटीला भीती वाटते हो.

इदवलच्या थडग्याचा दगड करायला दिला होता. त्याच्या शेजारीच आमच्या खापरपणजीचा दगड आहे. गेनोर तिचं नाव. तिच्या नावाखाली कोरलंय, ‘आणि तिचा नवरा ग्रिफिथ’. त्याखाली साल नाही. नुसती गुळगुळीत मोकळी जागा.

पाथरवट म्हणाला, “बाई, हत्यारं आणणारच आहे. त्या म्हाताऱ्याचंही साल कोरून देतो. कधी गेला तेवढं सांगा.”

मला कुठे माहीत होतं?

पण मनाला लागून राहिलं. या घराण्यात मीच शेवटची. मी डोळे मिटल्यावर ग्रिफिथला साल कोण देणार?

मग गावातल्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर जुन्या जनगणना बघत बसले. आणि सापडला की! हेन्दरे. ग्रिफिथ, शेतकरी. बायको गेनोर. पुढच्या गणतीत पुन्हा तोच, वय दहा वर्षांनी जास्त. त्याच्या पुढच्या गणतीतही. खरं सांगते, कितीतरी दिवसांनी घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. मी त्या पडद्याकडे बघून चक्क हसले.

अठराशे एक्याऐंशीच्या गणतीत तो छप्पन्न वर्षांचा होता. त्यानंतरच्या गणतीत दोघंही नाहीत. म्हणजे मधेच कधीतरी गेला असणार.

पण पुरल्याची नोंद कुठेच नव्हती. आमच्या चॅपलमध्ये नाही, चर्चमध्येही नाही.

शेवटी शेजारच्या शेतावरच्या एम्रिसकाकांकडे गेले. ऐंशीच्या पुढचे आहेत, पण जीभ अजून तरुण आहे.

“एक्याऐंशीनंतर गेला?” काका हसले. “अगं, माझ्या पणज्याने त्याला बर्फात काठ्या खुपसून शोधलाय. एकसष्टची जनगणना होती त्या रात्री. मेंढ्या बघायला वर गेला, तो गेलाच. हाडसुद्धा मिळालं नाही.”

“मग पुढच्या दोन गणत्यांत तो आला कुठून?”

“तुझ्या खापरपणजीला विचार.” त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. “नियम असा होता, की रात्री कामावर असलेला माणूस सकाळी घरी येणार असेल, तर त्याला घरातच धरायचं. या दिवसांत इथले सगळे बाप्ये तसेच धरले जायचे. सकाळी शाळेचे मास्तर गणती लिहून घ्यायला आले. गेनोर म्हणाली, मेंढ्यांकडे गेलाय, येईलच इतक्यात. मास्तरांनी लिहिलं.”

“आणि दहा वर्षांनी?”

“तेच म्हणाली. त्याच्या दहा वर्षांनीही तेच. वय मात्र बरोबर वाढवून सांगायची हं.”

“कुणी अडवलं नाही तिला?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “तू अडवलं असतंस?”



घरी आल्यावर पाथरवटाला फोन केला. म्हटलं, अठराशे एकसष्ट घाल. तो म्हणाला, सोमवारी येतो.

रविवारी जनगणनेचा फॉर्म भरायला घेतला. या घरात किती माणसं राहतात? मी ‘एक’ लिहिलं. जन्मात पहिल्यांदा. त्या आकड्याकडे बघून रडू आलं. फॉर्म तसाच टेबलावर ठेवून मी गोठ्यात मेंढ्यांकडे गेले.

रात्रभर ओला बर्फ पडत होता. सगळ्या मेंढ्या आत घेतल्या होत्या, निदान मला तरी तसं वाटत होतं. उजाडताना थकून घरात आले. सवयीने कडी लावली. किटली ठेवली.

आणि...

फाटक वाजलं.

माझा कुत्रा मोट उठला. तो पाखरू फडफडलं तरी भुंकतो. आज भुंकला नाही. दाराशी जाऊन शेपूट हलवायला लागला.

अंगणाच्या फरशीवर पावलं. जड, सावकाश. रात्रभर उभं राहिलेल्या माणसाची.

मग... दाराशी बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी आहे ना, तिच्यावर घासल्याचा आवाज. एक बूट. मग दुसरा.

“इदवल?” माझ्या तोंडून निघून गेलं.

दाराचा खटका वर उचलला गेला...

दार उघडलं नाही. आतून कडी होती.

खटका खाली पडला. पुन्हा उचलला गेला. जरा थांबला. मग हळूच कुणीतरी तो खाली सोडला.

त्यानंतर काहीही नाही. पावलं परत गेल्याचा आवाजही नाही.

मी किती वेळ तशीच उभी होते, सांगता येत नाही. मग कडी काढली.

अंगणात ताजा बर्फ होता. त्यावर गोठ्यातून येणारी माझी पावलं तेवढी होती. आणखी एकही उमटलेलं नव्हतं.

पण पट्टीवर काळा, ओला चिखल होता.

आणि उंबऱ्यावर... कोकरू. नुकतं जन्मलेलं. कुणीतरी गवताने चोळून कोरडं केलेलं. जिवंत.

मी त्याला छातीशी धरलं. तेवढ्यात फाटकापाशी एक मेंढी ओरडली. माझीच होती. वरच्या कुरणात राहून गेलेली, मोजताना चुकलेली. तिथून घरापर्यंतचा उतार नुकतं जन्मलेलं कोकरू कसं उतरणार? ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

पाथरवटाला फोन केला. “इदवलचा दगड बसव. त्या दुसऱ्याला हात लावू नकोस.”

“का हो बाई? साल चुकलं का?”

“हो,” म्हटलं, “चुकलं.”

मग टेबलाशी बसले. ‘एक’ खोडून ‘दोन’ लिहिलं. नावही लिहिलं, ग्रिफिथ.

त्या फॉर्मवर खोटं लिहिणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. मी खोटं लिहिलेलं नाही.

आता विण्याच्या दिवसांत मी कडी लावत नाही. सकाळी दोन कप मांडते. तो पुन्हा आला नाही. एकदा दार बंद मिळालं, म्हणून येत नसेल का, हा विचार मला झोपू देत नाही.

पुढच्या गणतीला मी बहुतेक नसेन. घर रिकामं असेल.

मग तो मेंढ्यांकडून परत आला, तर त्याला दार कोण उघडणार?