खुर्चीच्या सायकलीचा चिमटा

"बाई, माझ्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा कुणीतरी चोरला! उद्या टेकडीवरून उतरायची शर्यत आहे!" बेकरीवाला रडवेला होऊन दारात उभा राहिला.

तपासनीसबाईंनी चष्मा पुसला आणि धाकट्या दिरांना हाक मारली. "भावोजी, चला."

शेडमधली सायकल पाहून भावोजींना हसू आवरेना. डोंगरावर चालवायची सायकल, पण सीटच्या जागी गुबगुबीत खुर्ची, डोक्याएवढं उंच हँडल आणि मागे छत्री! पुढचं चाक भिंतीला टेकवलेलं होतं. सांगाडा घडी घातलेल्या गोधडीवर अलगद ठेवलेला. नट फडक्यात बांधलेले. कुलूप शाबूत.

हँडलखालच्या जोडावर एक बारीक निळी रेघ होती.

"रंग ओघळला असेल," बेकरीवाला म्हणाला.

बाईंनी बोट फिरवलं. निळी पूड बोटाला लागली.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, बायकोकडे आणि शेजारच्या नळवाल्याकडे. तोही उतरणार आहे उद्या, बाथटब बसवलेल्या सायकलीवर. त्याचंच काम!"

नळवाला टबात बसून ब्रेक दाबून बघत होता. "मी? अहो, हा नसला तर सगळे मला एकट्यालाच हसतील! दोघं असलो की हसू वाटून जातं."

बेकरीवाल्याची बायको शिलाई मशीनपाशी खोक्यावर बसून निळ्या खडूनं बाहीवर खुणा करत होती. "बरं झालं चोरला! वर्षभर सांगतेय, मान मोडेल. दर रविवारी यांना नट आवळायचे पाने काढून द्यायचे मी, आणि खुर्चीही माझीच नेली."

भावोजी कोपऱ्यातला कापडाचा तागा सरकवायला गेले.

"राहू द्या भाऊ, जड आहे तो," ती घाईनं म्हणाली.

बाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"चोर कधी गोधडी अंथरतो का? नट जपून बांधतो का? ज्यानं हे केलं त्याला सायकल फक्त थांबवायची होती. नळवाल्याला उद्या सोबत हवी आहे. उरली दुसरी किल्ली. पाने कुठे लागतात ते ताईंना ठाऊक आहे, निळा खडू त्यांचा आहे आणि कापडाचा तागा काही इतका जड नसतो; चिमटा त्यातच गुंडाळलाय."

"पण रेघ कशाला?" भावोजींनी विचारलं.

बाईंनी रेघ पुसली. खाली केसासारखी चीर होती. "उंच हँडलच्या ओढीनं जोड तडकलाय. उतारावर तुटलाच असता."

चिरेवर नख फिरवून बेकरीवाला बायकोकडे वळला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की परवा! खूण करून दाखवायला बोलावलं, तर तुम्ही म्हणालात, 'झालं तुझं सुरू!' वर्षभर रोज ओरडले ना मी. खरी चीर सापडली तेव्हा तुम्हाला ऐकूच आलं नाही."

त्यानं तिचा खडूनं माखलेला हात दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "वाचवलंस गं."

दुसऱ्या दिवशी टबात नळवाल्यामागे बेकरीवाला छत्री उघडून बसला होता. अख्खी टेकडी हसली. हसू दोघांत वाटून गेलं.

खुर्ची त्यानं सकाळीच सोडवून मशीनपाशी ठेवली होती. खाली बोल्ट तसेच लोंबत होते. बायको तिच्यावर ऐसपैस बसली आणि बाहीला टाका घालू लागली.